मनाची कंटिन्युइटी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी फाट्याला भिवंडीच्या दिशेने वळलं की कामण लागतं. वर कामणदुर्ग आणि तुंगारेश्वरचं रान, खाली गाळे, गोदामं आणि ट्रकच्या रांगा. त्या गाळ्यांच्या शेजारीच पत्र्याच्या उंच शेड आहेत आणि त्यांच्या पोटात हवेल्या, वाडे, देवळं उभी असतात. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली; पण रोजच्या मालिकेचा सेट वर्षानुवर्षं मोडता येत नाही आणि तेवढी जागा मुंबईत परवडत नाही. म्हणून मालिका घोडबंदर, नायगाव करत इथवर सरकल्या. एका लोकप्रिय कौटुंबिक मालिकेतली थोरली सून म्हणून माझी उमेदीची वर्षं या पत्र्याखाली गेली.

पत्र्याखाली म्हणते ते शब्दशः. पावसाळ्यात सर कोसळली की संवाद ऐकूच येत नाहीत. साउंडवाले दादा हेडफोन काढून हात वर करतात, सगळं युनिट थांबतं. रोज साधारण बावीस मिनिटांचा भाग जायचाच असतो, त्यामुळे सर ओसरली की दुप्पट वेगाने काम सुरू. कधी दोन दिग्दर्शक दोन फ्लोअरवर एकाच वेळी शूट करतात. सकाळी लग्नाचा शालू, दुपारी त्या लग्नाच्या आधीच्या भांडणाची साधी साडी, संध्याकाळी पुन्हा शालू. प्रसंगाचे कागद कधी आदल्या रात्री मोबाइलवर येतात, कधी मेकअपच्या खुर्चीत हातात पडतात.

या धबडग्यात काही गोष्टी कुणी शिकवल्याशिवाय अंगी येतात. मास्टर शॉटमध्ये रडायचं नाही. अश्रू क्लोजअपसाठी राखायचे. समोरचा कलाकार दुसऱ्या फ्लोअरवर अडकलेला असतो, त्याची वाक्यं असिस्टंट सपाट आवाजात वाचतो आणि त्याच्याकडे बघून आपण नवऱ्याने विश्वासघात केल्याचा धक्का चेहऱ्यावर आणायचा. ‘ताई, नुसतं एक शॉकचं एक्स्प्रेशन द्या, कशावर ते उद्या ठरेल,’ अशी मागणीही होते.

नाटकवाल्या मैत्रिणी विचारतात, यात अभिनय कुठे आहे? नाटकात तिसरा अंक आधी वाचलेला असतो. त्यातल्या बाईचं काय होणार हे नटीला ठाऊक असतं आणि पहिल्या अंकातलं हसणं ती त्या बेताने हसते. दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिकेतही शेवट ठरलेला असे. रोजच्या मालिकेला शेवटच नसतो. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारलेल्या रोहिणी हट्टंगडींनी त्यातली आशा देशमुख इतकी वर्षं उभी ठेवली. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस अखंड ठेवायचा, हे वेगळंच कसब आहे.

ते कसब आठवणीचं आहे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की कथेचा ट्रॅक बदलतो, कधी लेखक बदलतो, कधी दिग्दर्शक. लीप येतो, पाच वर्षं पडद्यावरच्या एका ओळीत उडून जातात. मंगळसूत्र, टिकली, पदराची पिन कालच्यासारखी आहे की नाही, हे पाहायला असिस्टंट फोटो काढून ठेवतात. मनाची कंटिन्युइटी पाहणं मात्र कुणाचंच काम नसतं. ते नटीवर येऊन पडतं.

म्हणून मी वही ठेवली. आज त्या थोरल्या सुनेला काय कळलं, कुणाकडून कळलं, कुणाला तिने सांगितलं नाही, कुणाला ती माफ करणार नाही. एकदा तिच्या वडिलांना फसवणाऱ्या दिराला ती हसत ओवाळते, असा प्रसंग आला. मी अडून बसले. तरुण लेखक म्हणाला, ‘ताई, ते जुनं झालं, प्रेक्षक विसरलेत.’ मी म्हटलं, ‘प्रेक्षक विसरले असतील रे, ती कशी विसरेल?’ शेवटी ओवाळणं राहिलं, हसणं गेलं. भाग गेल्यावर वसईच्या बाजारात एका कोळणीने मासळी निवडताना विचारलं, ‘त्याला ओवाळलंस, पण तोंडाकडे बघितलं नाहीस ना? बरं केलंस.’ प्रेक्षकही विसरले नव्हते.

ही आठवण नटीलाच सांभाळावी लागते, हे करोनाकाळात आणखी उघडं पडलं. २०२०च्या जूनमध्ये चित्रीकरणं सुरू झाली तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मधल्या काळात आमच्या घरातल्या आजी तीर्थयात्रेला गेल्या. संहितेत त्यांच्यासाठी एक ओळ होती. मी रोज जेवणाच्या प्रसंगात त्यांच्या पाटाकडे एकदा बघत असे. ते कुणी लिहून दिलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या सेटवर करोनाची बाधा होऊन ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. त्यानंतर त्या रिकाम्या पाटाकडे बघायला अभिनय करावा लागला नाही.

भूमिका हातातून हातात जाते तेव्हा तर ही आठवणच वारसा असते. शेजारच्या नायगावात चित्रित झालेल्या ‘भाभीजी घर पर हैं’मधली अंगूरी २०१५ साली शिल्पा शिंदे यांनी घडवली आणि २०१६मध्ये ती शुभांगी अत्रे यांच्याकडे आली. लकब ठेवायची आणि माणूस आपला करायचा, ही दुहेरी कसरत त्यांनी पुढे अनेक वर्षं केली. या कसरतीचा धडा कुठल्या नाट्यशाळेत नाही.

या धंद्यात मानधन सहसा नव्वद दिवसांनी येतं, शिफ्ट बारा तासांची असते, घरी जाताना घोडबंदरचा ट्रॅफिक वेगळा. त्यावर संघटना बोलतात, बोलायलाच हवं. माझी मागणी एवढीच आहे: ट्रॅक ठरवण्याच्या बैठकीत त्या भूमिकेच्या नटीला एक खुर्ची द्या. ती बाई गेल्या वर्षी काय बोलली होती, हे तिथे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलींनो, पहिल्या दिवशी ज्या वहीत मानधनाचा हिशेब लिहायला घ्याल, त्याच वहीचं मागचं पान भूमिकेसाठी ठेवा. लेखक बदलतील, चॅनेल बदलेल. तुमची बाई तुम्हालाच सांभाळायची आहे.