छोट्या पावलांनी हनोई

व्हिएतनामची राजधानी हनोई हजार वर्षांहून जुनी. १०१० साली राजा ली थाई तो यानं इथं राजधानी आणली. पण या म्हाताऱ्या शहराची चाल मात्र तरण्या पोराची! १९८६ साली सरकारनं ‘दोई मोई’ हे नवं आर्थिक धोरण आणलं अन् सायकलींचं हे शहर बघता बघता मोटारसायकलींचं झालं. आता मोटारी वाढताहेत, उंच इमारती उठताहेत. २०२१ मध्ये पहिली मेट्रोही धावू लागली.

अशा धावत्या शहरात आम्ही गेलो, ते ताईच्या सव्वा वर्षाच्या चिऊला घेऊन. नुकतीच चालायला लागलेली बाई ती! दर चार पावलांवर बसकण मारणार!

पहिली परीक्षा रस्ता ओलांडण्याची. जुन्या भागात गाड्यांचा लोंढा थांबतच नाही. आम्ही उतरलो होतो तिथल्या आजींनी खुणांनी रीत शिकवली. बाळाला कडेवर घट्ट धरायचं. मोटार, बस येत नाही ना, ते बघायचं. मग हात थोडा वर करून एकाच संथ चालीनं निघायचं. धावायचं नाही, मधेच थांबायचं नाही, मागं तर फिरायचंच नाही. मोटारसायकलवाले तुमची चाल हेरून बाजूनं वळतात. माझ्या पोटात गोळा आला होता. पण पाण्यानं दगडाला वळसा घालावा, तशा गाड्या निघून गेल्या. चिऊ मात्र टाळ्या पिटत होती!

बाबागाडीचं इथं काम नाही. फुटपाथवर मोटारसायकली उभ्या असतात, नाहीतर बुटकी प्लास्टिकची स्टुलं मांडून लोक जेवत असतात. चिऊला वाटलं, ही स्टुलं आपल्यासाठीच! तिथं तिला ‘चाओ’ मिळालं. चाओ म्हणजे चक्क आपली तांदळाची पेज. त्यात मांस घालतात, म्हणून आम्ही साधी मागितली. चिऊनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

गल्ल्यांची नावंही गमतीची. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग मा ही कागदी वस्तूंची. कित्येक गल्ल्यांत नाव राहिलं अन् माल बदलला. हांग मा मध्ये मात्र अजून रंगीत कंदील लटकतात. तिथून चिऊला हलवता हलवता आमच्या नाकी नऊ आले.

शहराच्या मधोमध होआन कीएम तळं आहे. पंधराव्या शतकात राजा ले लोई यानं चिनी फौजा हुसकावल्या. त्याची जादूची तलवार याच तळ्यातल्या कासवानं परत नेली, अशी दंतकथा आहे. तळ्यात खरंच एक भलंमोठं कासव होतं. २०१६ च्या जानेवारीत ते गेलं, तेव्हा सारं शहर हळहळलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. शनिवार-रविवारी तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद झाले. तिथं मुलं भोवरे फिरवतात, दोरीवर उड्या मारतात, आजी-आजोबा नाचतात. तिथं ताईनं चिऊला खाली सोडलं. ज्या रस्त्यावर एरवी तिला कडेवर घट्ट धरावं लागे, त्याच्या अगदी मधोमध ती दुडूदुडू चालली, पडली, हसली, पुन्हा उठली!

मेट्रो अन् इमारती तर हव्यातच. पण शहर किती पुढं गेलं, हे सव्वा वर्षाच्या पावलांनाही विचारायला हवं. तुमच्या गावात असा एक तरी रस्ता आहे का, जिथं चिऊचा हात सोडता येईल? जरा शोधून बघा!