काचेच्या पेटीबाहेरचे आई-वडील

नवजात अतिदक्षता विभागात येणारी बहुतेक बाळे तीन-चार कारणांनी येतात. कुणी सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेले असते, कुणाचे वजन फार कमी असते, कुणी जन्मल्यावर वेळेत रडलेले नसते, कुणाला जंतुसंसर्ग झालेला असतो. घरच्यांच्या भाषेत मात्र सगळ्यांचे एकच निदान असते : ‘बाळ पेटीत ठेवलंय’. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे देशात २० आणि महाराष्ट्रात ११ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. ही सगळ्या जन्मांची सरासरी आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळापुरती पाहिली तर जोखीम कितीतरी जास्त असते. त्यामुळे या विभागात कुटुंबाला आधार देणे हे उपचारांइतकेच नेमाचे काम आहे, आणि ते बाळ दाखल होताच सुरू करावे लागते. मृत्यूनंतर बोलावलेला समुपदेशक कुटुंबाला अनोळखीच असतो.

पहिला प्रश्न ताटातुटीचा. तालुक्याच्या गावी सिझेरियन होते, बाळाला रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवतात, आणि टाक्यांची आई मागेच राहते. फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पैशांची जुळवाजुळव घेऊन वडील दोन दवाखान्यांत फिरत असतात. अशा वेळी बाळाचा मोबाइलवर काढलेला फोटो आईपर्यंत पोचवणे आणि तिला पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला शिकवणे, ही दोन कामे परिचारिका सहज करू शकते. चिकाचे चार थेंब निघाले तरी ते बाळापर्यंत जावेत. त्या घडीला बाळासाठी दुसऱ्या कुणालाही न करता येणारी ही एकच गोष्ट आईच्या हाती असते. दूध कमी पडले तर इतर मातांनी दिलेल्या दुधाची दुग्धपेढी असते. आशियातील पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

पालकांना आत घेतले की संसर्ग वाढेल, ही भीती या विभागांत फार काळ होती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंतचे शिक्षण देऊन रोज बाळाजवळ बसवले गेले. संसर्ग वाढल्याचे दिसले नाही. स्तनपानाचे प्रमाण मात्र सुधारले. २०१७मध्ये केंद्र सरकारने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत त्याहून जुनी, १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झालेली. तेव्हापासून ती स्थिरावलेल्या बाळांसाठीच मानली जाई. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीत, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले गेले. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीतील १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के आढळले. त्यासाठी आईची खाटच विभागात हवी, आणि बहुतेक ठिकाणी गाडे जागेपाशी अडते.

बोलण्याची शिस्त हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरने, बसून, दोघांशी बोलावे. ‘बहात्तर तास काही सांगता येत नाही’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. आज काय बरे आहे, काय बिघडले आहे आणि उद्या कशाची वाट पाहायची आहे, हे सांगता येते. महाराष्ट्रात एक अडचण हमखास येते. वाईट बातमी वडिलांना, मामाला, सासऱ्यांना सांगितली जाते आणि ‘ती ओली बाळंतीण आहे, तिला आत्ता नको’ असे ठरते. हेतू मायेचा असतो. परिणाम असा की बाळ गेल्यावरही दोन-दोन दिवस आईला ‘पेटीतच आहे’ असे सांगितले जाते, दफन उरकते, आणि तिला आपले बाळ कधीच दिसत नाही. बाळाची प्रकृती ढासळू लागताच आईला खाटेसकट किंवा व्हीलचेअरवरून आणून तिच्यासमोर बोलणे, हा यावरचा उपाय. त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे लागते. त्यांना डावलून आईपर्यंत पोचण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

उपचारांचा उपयोग उरलेला नाही असे स्पष्ट झाल्यावर वेदनाशमन चालू ठेवून बाळाला मांडीवर देता येते. मृत बाळ आईला दाखवूच नये, असा जुना रिवाज होता. १९७०च्या एका अमेरिकी अभ्यासाने बाळाला स्पर्श केल्याने अपाय होतो या समजाला छेद दिला. पुढे २००२मधील एका ब्रिटिश अभ्यासात मृतजन्मानंतर बाळ हातात घेतलेल्या मातांमध्ये नैराश्य अधिक दिसले आणि वाद पेटला. आजची वाजवी रीत म्हणजे विचारावे, वेळ द्यावा, आग्रह करू नये. पावलांचा ठसा, मनगटावरची पट्टी, एखादा फोटो जपून ठेवावा. नकार देणारी कुटुंबे कधी महिन्यांनी ते मागायला येतात.

तान्ह्या बाळाला पुरण्याची रीत आहे, तिथे पुरुषच जातात. दहावे-तेरावे नाही, भेटायला येणारे मोजके. शोकाला घरात जागाच नसते. त्यातच प्रसूतीनंतर दोन-चार दिवसांत आईला दूध उतरते. छाती घट्ट बांधण्याऐवजी दुखणे कमी होण्यापुरतेच दूध काढून ते हळूहळू कमी करत न्यावे, लागल्यास औषध द्यावे. हे घरी जाण्यापूर्वी सांगितले नाही तर दूध उतरेल त्या रात्री घरात कुणालाच काही सुचत नाही. कागदपत्रेही असतात : जिवंत जन्मून गेलेल्या बाळाच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी एकवीस दिवसांत व्हाव्या लागतात. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०२२च्या आदेशानुसार अशा प्रसंगी साठ दिवसांची विशेष रजा मिळते. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही येत असे, हे अनेक आस्थापनांना माहीत नसे. शेतमजूर बाईला रजेच्या आणि लाभाच्या या तरतुदींतले काहीच लागू होत नाही.

चार ते सहा आठवड्यांनी कुटुंबाला पुन्हा बोलवावे. तोवर तपासण्यांचे अहवाल आलेले असतात आणि ‘माझ्यामुळे झालं का?’ हा प्रश्न विचारण्याइतके बळही. झोप, भूक, जगण्याची इच्छा यांची विचारपूस वडिलांकडेही करावी. ते सहसा स्वतःहून बोलत नाहीत. मृत्यूचे कारण, जनुकीय तपासणी लागणार असल्यास ती आणि पुढच्या गरोदरपणात घ्यायची काळजी हे लेखी द्यावे, कारण पुढची प्रसूती बहुधा माहेरी, दुसऱ्याच दवाखान्यात होते.