अकरावी पिशवी

रक्ताचे नाते सर्वांत मोठे, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. २००४ सालच्या पावसाळ्यातील एका रात्रीने माझी ती घमेंड उतरवली.

अक्का पुण्याला बाळंत झाली. मुलगी झाली म्हणून मी पेढे आणायला निघालो, तोच आत धावपळ सुरू झाली. रक्तस्राव थांबेना. मी बाही वर सारून उभा राहिलो, “माझं घ्या!” पण माझा गट बी, अक्काचा ओ. ओ गटाच्या माणसाला ओखेरीज दुसरे रक्त चालत नाही. सख्ख्या भावाचे रक्त तिला विष ठरले असते!

मग रक्तपेढीच्या खेपा सुरू झाल्या. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त ते किती? सुमारे पाच लिटर. पहाटेपर्यंत अक्काला तांबड्या पेशींच्या दहा पिशव्या चढल्या, तरी स्राव चालूच. अकरावी पिशवी हातात आली ती बर्फासारखी गार. आई मघापासून पुटपुटत होती, “पोरीचे हातपाय गार पडलेत रे!” मला शहाणपण सुचले. चहावाल्याकडून कढत पाणी आणले नि पिशवी त्यात सोडणार, तोच भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती हिसकावून घेतली.

“अहो, पेशी फुटतील! रक्त आम्ही यंत्रानं, मोजून गरम करतो. तुम्ही आता प्लाझ्मा आणि प्लेटलेट आणा. धावा!”

मी धावलो. प्लाझ्मा गोठवलेला असतो. तो वितळेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते माझे मला ठाऊक. अखेर गर्भाशय काढावे लागले. उजाडता उजाडता रक्त थांबले.

आठ दिवसांनी बाईंनी मला सगळे समजावून सांगितले. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पण रक्त गोठवीत नाहीत. नुसत्या त्याच देत राहिले, तर अंगातला गोठवणारा ऐवज विरळ होत जातो. पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट अंगातले कॅल्शियम बांधून ठेवते. एकदोन पिशव्यांचे सायट्रेट यकृत सहज पचवते. दहांचे भराभर आले की त्याला आवरत नाही, म्हणून शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. शिळ्या रक्तातून पोटॅशियमही पाझरते. ते वाढले की हृदयाची लय बिघडते. आणि अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही. म्हणजे आईचे म्हणणे बरोबर होते. चुकले होते ते माझे कढत पाणी!

आता मोठ्या रुग्णालयांतून असा प्रसंग आला, की तांबड्या पेशी, प्लाझ्मा नि प्लेटलेट सुरुवातीपासूनच बरोबरीने देतात.

अक्काच्या अंगात त्या रात्री कोणाकोणाचे रक्त गेले, मला ठाऊक नाही. माझे मात्र एक थेंबही नव्हते. तरी दर भाऊबीजेला ती मला ओवाळते. ताम्हन खाली ठेवले, की मी तिचा हात हातात घेतो. तिला वाटते, भावाला माया आली. माया तर खरीच; पण हात ऊन आहे ना, एवढे मी आधी पाहून घेतो.