पिशवी कुणाकडे द्यायची?

जत्रेत प्रत्येक घरातली एक बाई ठरलेली असते. बाकीची सगळी मंडळी पाळण्यात बसतात आणि ती खाली उभी राहते. एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी आणि नजर वर. मैत्रिणींनो, तुमच्या घरात ही बाई कोण, ते मी विचारत नाही! आमच्या माहेरी ती आई होती, आणि सासरी आल्यावर मी झाले.

माझं माहेर मिरजेचं. उरुसात आकाशपाळणा आला की आम्ही दोघी बहिणी आईचा पदर ओढत तिकडे न्यायचो. "तुम्ही बसा ग, मला गरगरतं," असं म्हणून ती खाली थांबायची. तिला खरंच गरगरायचं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढे शाळेची सहल घेऊन मी खोपोलीच्या इमॅजिकाला गेले. मुली रोलर कोस्टरवर किंचाळत होत्या आणि बाई बाकावर बसून बावीस पिशव्या राखत होत्या! मलाही कुणी काही विचारलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र नवल घडलं. धाकटी बहीण कॅलिफोर्नियात असते. "ताई, एकदा ये ग," असं ती दहा वर्षं म्हणत होती. माझी भिशी लागली, त्यात शिकवण्यांचे साठवलेले पैसे घातले आणि यांनीही जरा भर घातली. यांना रजा नव्हती. त्यामुळे मी आणि माझी अकरा वर्षांची लेक, अशा दोघीच निघालो.

तिकडे ऑक्टोबर म्हणजे भोपळ्यांचा आणि भुतांचा महिना. ३१ तारखेला त्यांची हॅलोविन. दारोदारी भोपळे कोरून आत दिवे लावतात, अंगणात खोटे सांगाडे उभे करतात, झुडपांवर कापसाची कोळिष्टकं पसरतात. आपण दिवाळीला घरातली जळमटं काढतो, आणि ही माणसं विकत आणून लावतात! मला आधी हसू आलं. मग बहिणीने सांगितलं, की दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, त्यांचा सर्व संतांचा दिवस आणि २ तारखेला सर्व मृतात्म्यांचा. आपल्या सर्वपित्रीची आठवण झाली. गेलेल्यांची आठवण काढायला प्रत्येकाने वर्षातून काही दिवस राखून ठेवलेले असतात, एवढं खरं.

बहिणीच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर ब्युएना पार्क नावाचं गाव आहे. तिथे 'नॉट्स बेरी फार्म' ही करमणुकीची मोठी बाग आहे. डिस्नेलँड तिथून जवळच, पण ते १९५५ चं. ही बाग त्याच्याही आधीची. तिची हकिगत तुम्हांला सांगायलाच हवी, कारण ती सुरू झाली एका बाईच्या स्वयंपाकघरातून.

१९२० साली वॉल्टर नॉट आणि कॉर्डेलिया नॉट हे जोडपं तिथे वीस एकर जमीन खंडाने घेऊन शेती करू लागलं. रस्त्याच्या कडेला बसून बेरीची फळं विकायची, असा व्यवसाय. पुढे वॉल्टरने रुडॉल्फ बॉयसेन नावाच्या माणसाने तयार केलेल्या आणि वाळत चाललेल्या एका जातीची रोपं जगवली, आणि त्या फळाला 'बॉयसनबेरी' हे नाव दिलं. चांगलं टपोरं, जांभळट, आंबटगोड फळ. पण १९३० नंतरची वर्षं तिकडे मोठ्या मंदीची होती. तेव्हा, जून १९३४ मध्ये, कॉर्डेलियाबाईंनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशा काढल्या आणि पहिल्या संध्याकाळी आठ माणसांना जेवायला वाढलं. तळलेली कोंबडी, भाजी, गरम बिस्किटं आणि बेरीचा पाय. पासष्ट सेंटांत पोटभर!

पुढचं काय विचारता! लोक लांबून येऊ लागले, दाराबाहेर तासन्‌तास रांगा लागू लागल्या. ताटकळलेल्या माणसांचा वेळ जावा, म्हणून वॉल्टरने १९४० साली शेजारी एक जुनं खाणगाव उभारायला घेतलं. सोन्याचांदीच्या खाणी संपल्यावर ओस पडलेली गावं पश्चिम अमेरिकेत पुष्कळ. तसल्या गावातली काही लाकडी घरं उचलून इथे आणली, काही नवी तशीच बांधली आणि त्याला नाव दिलं 'घोस्ट टाऊन', म्हणजे भुतांचं गाव. १९६८ पर्यंत तिथे कुंपण नव्हतं, की आत जायला तिकीट नव्हतं. माणसं जेवायला यायची आणि गाव बघून जायची. आज तिथे मोठमोठी चक्रं आहेत, पण मुळात हे सगळं जेवणाच्या रांगेसाठी होतं. घरच्या बाईच्या हाताला चव असली तर काय होतं, बघा!

त्या बाईंच्या नावाचं भोजनगृह आजही फाटकाबाहेर चालू आहे. आम्ही गेलो तो नेमका गुरुवार, आणि गुरुवारी मी सामिष खात नाही. मी आपली गरम बिस्किटं, त्यावर बॉयसनबेरीचा जॅम आणि पायचा एक तुकडा, एवढ्यावर भागवलं. बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे हं, मऊ, खुसखुशीत, छोटा पावच असतो तो.

जेवून बाहेर आलो तर समोर 'घोस्टरायडर'. लाकडाचा रोलर कोस्टर. १९९८ साली सुरू झालेला, ११८ फूट उंच, म्हणजे साधारण बारा मजली इमारतीएवढा. रूळ सव्वा किलोमीटरहून लांब, आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात. लाकडी वाशांचा नुसता जंगलासारखा गुंता, आणि त्यातून गाडी गेली की सगळं थरथरतं. लेक तिथे थबकली. नुसतं बघत राहिली. मग न बोलता पुढे चालू लागली.

त्या न बोलण्याचं कारण मला ठाऊक होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे आजारी पडले. सतरा दिवस दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि वाजला नाही तरी व्हायचं. सात वर्षांची पोर शेजारी झोपलेली असायची, आणि मी रात्रभर तिच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास मोजत बसायची. देवाच्या कृपेने हे घरी आले. पण माझ्यात शिरलेली भीती काही गेली नाही. पोहण्याचा वर्ग? नको. वर्गाची सहल? नको. मैत्रिणीकडे सायकलने? मुळीच नको. सुरुवातीला लेक रडायची, भांडायची. मग तिने विचारणंच बंद केलं. मला वाटायचं, शहाणी झाली ग बाई! शहाणी कसली, तिला माझं उत्तर पाठ झालं होतं.

बहीण सगळं पाहत होती. माझ्या खांद्यावरची पिशवी तिने ओढून घेतली आणि म्हणाली, "ताई, हिच्याबरोबर तू बस. मी खाली थांबते."

"अग, मला गरगरतं—" माझ्या तोंडून निघून गेलं. आईचंच वाक्य. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं.

"आई, राहू दे," लेक हळूच म्हणाली. "मला नाही बसायचं." ती खोटं बोलत होती. अकरा वर्षांची मुलगी माझी भीती सांभाळत होती, जशी मी सगळ्यांच्या चपला सांभाळत आले तशी. मी तिचा हात धरला आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

रांगेत तासभर गेला. रोलर कोस्टर चालतो कसा, ते पुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी लेकीला समजावून सांगितलं. गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला फक्त पहिल्या चढावर ओढून नेते. त्यानंतर सगळं काम तिचं वजन आणि उतार करतो, म्हणून पुढचा कुठलाही चढ पहिल्याहून उंच ठेवता येत नाही. चढताना जो खटखट आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या अडसरांचा. आणि चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात, तशी खालीही असतात, त्यामुळे गाडी उधळली तरी रूळ सोडत नाही. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने पाच सेंट घेऊन अशी गाडी चालवली, तेव्हा तिचा वेग होता ताशी अवघा सहा मैल. "माझी तेवढ्याची तयारी आहे," मी लेकीला म्हटलं. ती खुदकन हसली. किती दिवसांनी!

मांडीवर दांडा आला. खट्‌खट्‌खट्‌ करत गाडी वर निघाली. खाली बहीण दिसेनाशी झाली. टोकावर क्षणभर सगळं शांत, आणि मग... काय सांगू! पोटातलं सगळं घशाशी आलं. मी देवाचं नाव घेत होते, की आईला हाका मारत होते, आठवत नाही. दात एकमेकांवर आपटत होते. एका वळणावर लेकीने माझा हात सोडला आणि दोन्ही हात वर केले. मी ओरडणार होते, "हात खाली घे!" पण तोंडातून निघालं ते हसू. जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटं. ब्रेक लागला, गाडी थांबली, आणि मी रडत होते, हसत होते, दोन्ही.

"आई, तू ओरडलीस!" लेक म्हणाली. तिच्या दृष्टीने दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

संध्याकाळी मेहुणे लेकीला घरी घेऊन गेले, कारण ऑक्टोबरच्या ठरावीक रात्री ही बाग 'स्केरी फार्म' होते, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नये असं तेच लोक सांगतात. १९७३ साली हा प्रकार सुरू झाला. दिवसाच्या मंडळींना बाहेर काढतात, वेगळं तिकीट असतं, आणि त्याच जुन्या गावात धूर सोडतात. दुपारी आम्ही थंड पेय प्यालो ते दुकानसुद्धा ओळखू येईना. त्या धुरातून रंगवलेल्या चेहऱ्यांची माणसं निघतात. काही जण गुडघ्यांना कवच आणि हातमोज्यांना धातू लावून जमिनीवर सपकन घसरत येतात, ठिणग्या उडवत, थेट पायाशी! भुताटकीच्या भूलभुलय्यांत तर पुढच्या वळणावर काय आहे, ते कळतच नाही. पण नियम एकच. ती भुतं तुम्हांला हात लावत नाहीत.

हाच नियम मनात घोळत राहिला. माणसं पैसे मोजून भ्यायला का येतात, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. ही भीती ठरावीक वेळाने संपते. दुसरीकडे दार असतं. त्या सतरा दिवसांना दार कुठे होतं, ते दिसत नव्हतं. म्हणूनच बहुधा मी अजून आतच बसले होते, हे परत येऊन चार वर्षं झाली तरी.

रात्री गाडीकडे परतताना रस्त्याच्या कडेला एक भूत दिसलं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, अर्धा चेहरा पुसलेला, अर्ध्यावर अजून रक्त. तिची आई गाडी घेऊन आली होती. आईने आधी तिच्या खांद्यावर स्वेटर टाकला, मग हातात डबा दिला. माझे डोळे भरून आले. मुलगी भूत होऊन रात्र-रात्र ठिणग्या उडवते, आणि आई तिला नको म्हणत नाही, स्वेटर घेऊन येते.

आता थोडं कामाचं. अशा ठिकाणी जाणार असाल तर साडी नको, सलवार-कमीज घाला आणि ओढणी खाली ठेवा. मंगळसूत्र आत घाला, केसांतल्या पिना आणि चष्मा आधी काढा. उपाशीही बसू नका आणि जेवल्या-जेवल्याही नको, मी ती चूक केली. दिवस गेलेले असतील, रक्तदाब, हृदयविकार किंवा मणक्याचं दुखणं असेल, तर हौस बाजूला ठेवा. मुलांची उंची फाटकाशी मोजतात, तिथे हुज्जत घालू नका, तो नियम त्यांच्याच जिवासाठी असतो.

घरी आल्यावर भीती पळून गेली, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण जानेवारीत लेकीने, कितीतरी दिवसांनी, विचारलं, "आई, पोहायला जाऊ?" माझ्या छातीत खट्‌खट्‌ सुरू झालं. मी म्हटलं, "जा."

आता आठवड्यातून तीन दिवस मी तलावाच्या कठड्यावर टॉवेल घेऊन बसते. ती बुडी मारते आणि वर येईपर्यंत मी आकडे मोजते. आणि पुढच्या उरुसात आकाशपाळण्यात आईला मधे घेऊन बसायचं, असं आम्ही दोघी बहिणींनी फोनवर ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. पिशवी यांच्याकडे द्यायची आहे. यांना मात्र सांगून ठेवलंय.