भरिताचा रविवार

फैजपूर,
चंपाषष्ठीनंतरचा रविवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या ताकामात्सूहून आलेलं तुझं पत्र घरात सगळ्यांसमोर वाचून झालं. वाडगाभर उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, खायला ओसाकाची माणसं भल्या पहाटे बस पकडतात, दुपारपर्यंत दोन-तीन दुकानं पालथी घालतात आणि रात्री आपापल्या घरी परततात, याचं आजीला काही नवल वाटलं नाही. "मग आपल्याकडे थंडीत लोक काय करतात?" एवढंच म्हणून ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

तिचं म्हणणं रास्त आहे. थंडी पडली की जळगाव-भुसावळच काय, पुण्या-नाशिकचीही मंडळी इकडच्या शेतांत भरिताला येतात. यावल तालुक्यातलं बामणोद आपल्याला किती जवळ, हे तुला ठाऊकच आहे. तिथल्या वांग्यांचं नाव खानदेशाबाहेरही आहे. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी मिळालं. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, अंगावर पांढुरक्या रेघा, हातात घेतलं की भरदार. बिया कमी आणि गर लोण्यासारखा, म्हणून भाजल्यावर त्यात फारसं पाणी सुटत नाही.

हंगामाला धर्माचीही साथ आहे. चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून पुढे वांग्याला मुभा मिळते. नेमकी तेव्हाच वांगी जोरात असतात.

आज मामाचे पुण्याचे मित्र आले होते. सकाळी भुसावळला उतरून थेट शेतात. बांधावर पऱ्हाट्या आणि तुराट्या रचलेल्याच होत्या. कपाशी वेचून झाली की या काड्यांचं करायचं काय, हा प्रश्न खानदेशात भरितानं सोडवलाय. काडीचा जाळ झपकन पेटतो आणि सालीला चटका देतो. त्याचा धूर गरात उतरतो, तो गॅसच्या शेगडीवर मिळत नाही. वांग्याला तेलाचा हात लावून टोचे मारायचे, नाहीतर ते जाळात फुटतं. पाहुण्यांपैकी एकानं किती मिनिटं भाजायचं ते विचारलं. मामानं काडीनं वांगं उलटवलं, देठाजवळ दाबून दाखवलं आणि म्हणाला, "इथं मऊ लागलं की झालं. घड्याळाचं काम नाही."

साल काढायचं काम बायकांकडे आलं. शेजारी पाण्याचं पातेलं. बोटं पाण्यात बुडवायची, गरम साल ओढायची, पुन्हा बोटं पाण्यात. काळी साल पापुद्र्यासारखी सुटते आणि आतून हिरवट-पांढरा गर वाफाळत बाहेर येतो. तो लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचा. मिक्सरमधून काढला तर तार जाते आणि लगदा होतो. मग तेलात तळलेले शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप, हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा, वरून कांद्याची पात आणि मूठभर कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही. भरिताचा हिरवा रंग टिकला पाहिजे.

वाढलं केळीच्या पानावर, कारण पान शेजारच्या वाफ्यातलंच. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेल्या कळण्याची भाकरी, कुणाला हवी तर पुरी, सोबत मुळा आणि लिंबू. पाहुणे पहिल्या घासाला तिखटानं हाश्श-हुश्श करत होते. नंतर भाकरी थापणारीला कुणी बसू दिलं नाही.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मामाला फार आवडली. ताकामात्सू ज्यात आहे तो कागावा हा जपानचा सगळ्यांत लहान प्रांत. पाऊस कमी, म्हणून गहू. सेतोच्या समुद्राचं मीठ. शोदोशिमा बेटाचा सोया सॉस. रश्शाला वाळवलेली बारीक मासळी. सगळं घराजवळचं. आता मात्र उदोनचा बराचसा गहू ऑस्ट्रेलियातून येतो, तरी लोक कागावातच जाऊन खातात. आपल्याकडेही वांगी पुण्या-मुंबईच्या बाजारात मिळतात. 2018 च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात अडीच हजार किलो वांग्यांचं भरीत एका कढईत केलं, त्याची गर्दी अजून लोक सांगतात. पण वांगं ट्रकमध्ये चढतं, जाळ चढत नाही. भाजल्यापासून पानात पडेपर्यंतचा वेळ जेवढा लांबेल तेवढं भरीत उतरत जातं. जेवणाऱ्यानंच यायचं, हा हिशेब तुझ्या उदोनवाल्यांनी आणि आपल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता मांडलाय.

पुण्याच्या मंडळींना संध्याकाळी गावही दाखवलं. 1936 च्या 27-28 डिसेंबरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं, खेड्यातलं पहिलं. गांधीजींचा आग्रह असा की मंडप गावात मिळेल त्याच सामानाचा हवा. चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचं टिळकनगर बांबू-चटयांनी उभं केलं. दिवस भर थंडीचे, वांग्यांच्या ऐन हंगामातले. प्रतिनिधींच्या पानात भरीत पडलं की नाही, यावर मामा आणि त्याचे मित्र स्टेशनापर्यंत वाद घालत गेले.

तुझ्या जपानी मैत्रिणीला वांगं परकं वाटणार नाही. त्यांच्याकडेही ते आगीवर भाजतात, साल काढून आलं आणि सोया सॉस घालून खातात. शिवाय नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी, ससाणा किंवा वांगं दिसणं शुभ मानतात म्हणे. तिला घेऊन ये. पौषात या, माघ संपत आला की वांग्यात बी धरायला लागतं. गाडी भुसावळला उतरते, घ्यायला मामा येईल. मात्र चार दिवस आधी कळव. वांगी शेतावर सांगून ठेवावी लागतात, आणि तिच्यासाठी मिरची कमी घातलेलं भरीत वेगळं काढायला आजीला आधी पटवावं लागेल.

तुझी,
मामी