गळतीचा हिशोब

मंडळी, आज एक चूक कबूल करायची आहे.

दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सौर पॅनेल बसवली. निवृत्तीच्या पैशातून, त्यामुळे जरा जपूनच. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "आजी, इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत लावू, सावली आहे." पण तिथे माझ्या लोणच्याच्या बरण्या! मी म्हटलं, बाहेर पश्चिमेच्या भिंतीवर लाव. बत्तीस वर्षं मुलांना गप्प बसवलेल्या बाईशी वाद कोण घालणार? त्याने मुकाट्याने लावला.

पहिल्याच मे महिन्यात लक्षात आलं, की ऊन रणरणतंय आणि दुपारी तीननंतर विजेचा आकडा मात्र उगाचच खाली येतोय. भिंतीवरच्या त्या डब्याला हात लावला तर चटका बसला. मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसले.

तेवढ्यात पुण्याहून नात आली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडची मॉड्यूल असतात. त्यांत किती वीज वाया जाईल, याचं गणित ती संगणकावर आधीच मांडून बघते. हीच तिची नोकरी. नोकरी लागली तेव्हा ती उत्साहाने सांगायला आली होती. मी म्हटलं होतं, "मला बी.ए. मराठीवालीला त्यातलं काय कळणार, बाबांना सांग." त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'खोली बरी आहे का' एवढंच.

या वेळी मीच विचारलं, "यंत्र का तापतं गं?" तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझी जमाखर्चाची वही आण."

पॅनेल किंवा बॅटरी देते ती वीज एकाच दिशेने वाहणारी, डीसी. घराला आणि गाडीच्या मोटारीला लागते ती एसी. हे रूपांतर करायला इन्व्हर्टरमधली बटणं सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. खर्च दोन खात्यांवर पडतो. एक, बटण चालू असताना प्रवाहाला होणाऱ्या रोधाचा. दुसरा, प्रत्येक चालू-बंदचा. म्हणजे नाक्यावर दर खेपेला भरायच्या टोलसारखा.

माझ्यासाठी तिने सोपे आकडे घेतले. प्रवाह १०० अँपियर, रोध १० मिलिओहम. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १०० वॅट. प्रत्येक चालू-बंदला ५ मिलिज्यूल, सेकंदाला १०,००० वेळा, म्हणजे ५० वॅट. एकूण १५० वॅट नुसती उष्णता! मी वहीत लिहून खाली रेघ मारली.

"रेघ मारू नकोस," ती म्हणाली. "खरी गंमत पुढेच आहे." दर वॅटला ०.२ अंश तापमान वाढतं असं धरलं, तर १५० वॅटने तुकडा ३० अंशांनी तापला. तापला की रोध वाढला, समजा ११ मिलिओहम झाला. म्हणून गळती १६० वॅट. म्हणून अजून दोन अंश. असं पुन्हा पुन्हा करत आकडा १६१ च्या आसपास स्थिरावतो. उष्णता बाहेर जायची सोय वाईट असेल तर तो स्थिरावतच नाही, आणि तुकडा जळतो. एकेक महागडं मॉड्यूल जाळून बघण्यापेक्षा हे गणित कागदावर, म्हणजे संगणकावर, आधी करायचं.

सिलिकॉन कार्बाइड हवं कशाला? साध्या सिलिकॉनपेक्षा ते सुमारे दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतं आणि उष्णता जवळपास तिप्पट चांगली वाहून नेतं. म्हणून तुकडा पातळ करता येतो, रोध कमी होतो आणि टोलही कमी पडतो. जपानने २०२० साली सुरू केलेल्या एन७००एस बुलेट ट्रेनमध्ये हेच आहे. आणि हा पदार्थ म्हणजे आपलं कार्बोरंडम! १८९१ साली अमेरिकेत ॲचेसनला सापडलेलं. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकाचं. त्याच्या ठिणग्या बघत मी लहानपणी दारात उभी राहायची.

मला इगतपुरीचा घाट आठवला. कसाऱ्याहून वर येणारी रेघ १९३० च्या सुमारास विजेची झाली, १५०० व्होल्ट डीसीची. चढ ३७ ला १. त्या जुन्या इंजिनांत गाडी सुरू करताना वीज रोधकांतून सोडायची आणि बरीचशी उष्णता करून उडवायची, दुसरा इलाजच नव्हता. आता तिथे २५,००० व्होल्ट एसी आहे, नव्या इंजिनांच्या पोटात इन्व्हर्टर आहेत आणि उतारावर ती वीज तारेला परतही देतात. आम्ही घाटात डब्याच्या खिडकीतून माकडं मोजत राहिलो. या हिशोबाकडे कोणाचं लक्ष होतं?

"मग माझ्या भिंतीचं काय?" मी विचारलं.

"आजी, गणितात भोवतालची हवा किती अंश, हा पहिला आकडा असतो. तू सावलीतले ३५ सोडून उन्हातले ५० घेतलेस." तापमान मर्यादेला टेकलं की यंत्र स्वतःला वाचवायला वीज कमी करतं. बिचाऱ्याने शहाणपणाच केला होता. साधं सिलिकॉन असो की कार्बाइड, हा हिशोब कोणालाच चुकत नाही.

बसवणाऱ्या मुलाला पुन्हा बोलावलं, माफी मागितली, हलवायचे पैसे दिले. आता इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत आहे आणि बरण्या स्वयंपाकघरात कॉटखालच्या ट्रंकेशेजारी दाटीवाटीने. यंदाच्या मे महिन्यात तीननंतर आकडा टिकून राहिला.

तीन वर्षं मीही तिला असंच उन्हात ठेवलं होतं, हे मात्र वहीत कुठे मांडू कळेना. असो. रविवारी फोन आला की आता मी आधी विचारते, "काय गं, या आठवड्यात किती वॅट वाचवलेस?" मग ती अर्धा तास बोलते. निम्मं कळत नाही. वही मात्र जवळ घेऊन बसते.