रोवणीची कंबर आणि ताणाचा पट्टा

आषाढात गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसाच्या बांध्या पाण्याने भरल्या की बायांच्या पाठी दिवसभर वाकलेल्या असतात. भाताचे पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, मग गुडघाभर चिखलात मागे मागे सरकत रोवायचे. संध्याकाळी धुऱ्यावरून घरी येताना कंबरेवर हात नसलेली बाई शोधावी लागते. माझ्या आत्याची उमेदीची सगळी वर्षे अशा रोवणीत गेली, तेव्हा कंबरदुखी तिला नवी नव्हती. एका वर्षी दुखणे कंबर सोडून पायात उतरले, ते मात्र नवे होते.

कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरून पोटरीत जाई आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी मुंग्या होऊन थांबे. खोकला आला तरी ती दात आवळून भिंत धरी. “मले बसताबी येत नाही अन् झोपताबी येत नाही,” एवढेच ती सांगे. घरचे उपाय आधी झाले. मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल चोळले, गरम विटेचा शेक दिला, गावातल्या पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेतला. शेकाने स्नायू सैल पडत, तेवढ्यापुरते बरे वाटे. पायातली कळ जागची हलत नव्हती.

एमआरआय झाला आणि घरात एकच वाक्य फिरू लागले: गादी सरकली. दोन मणक्यांच्या मध्ये असते ती ही गादी. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. कडी कमजोर झाली की गर बाहेर ढकलला जातो आणि शेजारून पायाकडे निघालेल्या नसेला डिवचतो. मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ साली हे नाते स्पष्ट मांडले. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बिघडली की कळ बहुधा अंगठ्याच्या वाटेने जाते. आत्याचे तसेच होते.

रोवणीचा या गादीशी काय संबंध, हे स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांच्या मोजमापांतून कळते. १९६०च्या दशकात त्यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. सरळ उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो २५ भरला. पुढे वाकल्यावर १५०, आणि वाकून हातात वजन घेतले की २२०. चिखलात वाकून पऱ्ह्यांची पेंढी उचलणारी बाई यातले शेवटचे दोन आकडे दिवसभर अंगावर वागवते.

अशात एका नातेवाइकाने मोबाइलवर जाहिरात पाठवली. ऑपरेशनशिवाय गादी जागेवर, यंत्राने मणके मोकळे. स्पायनल डीकॉम्प्रेशन. आत्याला शस्त्रक्रियेचे भय होते, त्यामुळे हे शब्द तिला देवाने धाडल्यासारखे वाटले. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले. टेबल दोन भागांचे होते. एक पट्टा बरगड्यांखाली, दुसरा कंबरेच्या हाडाभोवती. यंत्र सुरू झाले की खालचा भाग हळूहळू सरके, काही क्षण ताण धरून ठेवी, सैल सोडी आणि पुन्हा ओढी. आत्याला झोप लागली. उठल्यावर ती म्हणाली, “पाय हलका वाटते.”

मग पॅकेजचा कागद समोर आला. वीसपेक्षा जास्त बैठका, सगळे पैसे आगाऊ. रक्कम ऐकून आत्याने माझ्याकडे पाहिले. तेंदूपत्त्याचे, मोहाचे आणि रोवणीचे पैसे एकत्र केले तरी ती पुरी होत नव्हती. आम्ही विचार करून कळवतो म्हणून निघालो, आणि मी वाचायला बसले.

ताण देण्याची कल्पना फार जुनी. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत रुग्णाला फळीवर बांधून दोन्हीकडून ओढण्याचे वर्णन आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचे डॉ. जेम्स सिरिॲक्स यांनी गादीच्या दुखण्यासाठी अशा ताणाचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, जोरदार पुरस्कार केला. आजच्या संगणकी टेबलांची सुरुवात कॅनडाच्या ॲलन डायर यांच्या व्हॅक्स-डी यंत्रापासून धरतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या टेबलावर ताण देताना गादीतला दाब उणे शंभर मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेल्याचे नोंदले गेले. जाहिराती बहुतेक याच नोंदीवर उभ्या असतात. पण तो अभ्यास मोजक्या रुग्णांवरचा होता आणि त्यात मोजला होता दाब. सहा महिन्यांनी ती माणसे कामावर परतली का, हा प्रश्न वेगळा.

त्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या पाहण्यांत सापडते. २०१३ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण एकत्र तपासले गेले. ट्रॅक्शनने दुखणे, हालचाल किंवा कामावर परतणे यांत फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शनात, जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारांतून ते वगळले. मानेची गोष्ट थोडी निराळी आहे. मानेतून हातात उतरणाऱ्या कळेसाठी व्यायामाच्या जोडीला यंत्राने ताण दिल्यास लाभ होतो, असे ८६ रुग्णांवरच्या एका अमेरिकी चाचणीत २०१४ साली दिसले. तिथेही व्यायाम सोबत होताच.

मग आत्याचा पाय हलका झाला तो खोटा होता का? मुळीच नाही. ताणाने स्नायू सैल होतात, नसेला काही वेळ जागा मिळते, अर्धा तास उताणे पडल्यानेच दाब उतरतो. आराम खरा असतो, फक्त तो टिकत नाही.

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि या भागातल्या लोकांचा नागपूरचा फेरा थोडा कमी झाला. आम्हीही तिकडेच निघालो. सालेकसा, धानोली, आमगाव, गुदमा करत गाडी गोंदियाला पोचते. त्या प्रवासात आत्या दारापाशी उभीच राहिली. सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी तिच्या पायाची ताकद पाहिली. मग विचारले, “मावशी, लघवी अडकते का? बसायच्या जागी बधिर वाटतं का?” यातले काहीही असेल तर व्यायाम, ट्रॅक्शन सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जावे लागते, उशीर झाला तर नसा कायमच्या जातात. हाडे ठिसूळ असतील, मणक्यात क्षय किंवा गाठ असेल, बाई गरोदर असेल, तर ताण द्यायचाच नसतो. शहरातल्या दवाखान्यात पट्टा बांधण्याआधी यातला एकही प्रश्न आला नव्हता.

मॅडमनी ट्रॅक्शनही दिले, थोडेच, कळ उतरावी आणि हालचाल सुरू व्हावी इतके. खरा भर पालथे झोपण्यावर होता. कोपरांवर टेकून छाती उचलायची, पुढे हात सरळ करून पाठ मागे वाकवायची. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे १९५६ साली एक रुग्ण योगायोगाने असा पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली कळ ओसरली; त्यातून ही पद्धत वाढली. पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली तर ते चांगले लक्षण, हे मॅडमनी तिला पुन्हा पुन्हा समजावले. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली तेव्हा आत्या घाबरली नाही, उलट तिने फोन करून सांगितले. गादीच्या अशा दुखण्यातले बरेच रुग्ण काही आठवड्यांत, काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना सावरतात. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते.

“बरं झाल्यावर काय करायचंय?” या प्रश्नाला तिने कचारगड सांगितले. माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे लोक दूरदूरच्या राज्यांतून धनेगावात येतात आणि डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. आत्यालाही तो चढ चढायचा होता. मॅडमनी रोजच्या चालण्याची आखणी त्याच चढाच्या हिशेबाने केली, आणि माघात ती वर गेली, वाटेत थांबत, कुणाचा हात न धरता.

रोवणी सोडणे तिला परवडत नाही. एकरी हुंडा, म्हणजे ठेका, घेतलेल्या टोळीत मजुरी ठरलेली असते, तेव्हा मध्येच पाठ सरळ करणारीकडे सगळ्या पाहतात. म्हणून तिने टोळीशीच बोलून घेतले: एका बांधीत रोवायचे, पुढच्या बांधीत पेंढ्या पोचवायच्या, पाळीपाळीने, आणि बांधी संपली की धुऱ्यावर उभे राहून सगळ्यांनी पाठ मागे वाकवायची. टोळीतल्या काही जणी तिच्याकडून पालथे झोपण्याचे व्यायाम शिकल्या. एकीच्या पायाचा पंजा उचलला जात नव्हता. तिला आत्याने व्यायाम दाखवला नाही, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गोंदियाला नेले.